कोथळा टाकायची जागा

१

रविवारी सुंदराचा दिवस नळाच्या आधी सुरू व्हायचा. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या त्या गल्लीत पाणी सहाला यायचं. तोवर तिची चूल पेटलेली असायची, पातेल्यात पाणी उकळत असायचं आणि मागच्या परसात डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्या आपापसात कुरकुरत असायच्या. गल्लीत सगळे लूमवाले नाहीतर मिलवाले. कुणी धुळ्याकडचे, कुणी जळगावकडचे, दोनचार घरं मराठवाड्यातली. आठवड्याची एक सुट्टी, आणि त्या दिवशी ज्याला त्याला रस्सा हवा. बाजारातल्या पिंजऱ्यातली पांढरी कोंबडी कुणाला गोड लागायची नाही. सुंदरा गावरान पाळायची, घरीच कापायची आणि साफ करून द्यायची, म्हणून लोक तिच्याकडे यायचे.

मान, पिसं, पोट. हात आपोआप चालायचे. डोकं कुठेतरी दुसरीकडेच असायचं, बहुतेक कमरेच्या दुखण्यात. काळीज आणि पेटा गिऱ्हाइकाच्या डब्यात जायचा. मागे उरायचा तो कोथळा. आतड्यांची वेटोळी, फुफ्फुसांच्या गुलाबी चिंध्या, गळ्याखालची दाण्याची पिशवी, पित्त, पाय, मुंडकी. सगळं एका घमेल्यात.

पूर्वी त्याचं काही वाटायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी उघडं गटार होतं, कुत्री होती, कावळे होते. घमेलं उपडं केलं की संध्याकाळपर्यंत जागा साफ. पण चौऱ्याण्णवची प्लेगची साथ येऊन गेली आणि शहराने जणू कूसच बदलली. गटारावर फरशा आल्या, रस्ते रोज झाडले जाऊ लागले. दोन वर्षांत गल्ली ओळखू येईना. चांगलंच झालं म्हणा. पण एका रविवारी झाडूवाल्यांचा मुकादम दारात उभा राहिला.

"बेन, ये सब इधर नहीं चलेगा. कचरापेटीत पण नाही टाकायचं, कुत्री बाहेर ओढतात. पुढच्या वेळी नाव लिहून नेईन."

"मग टाकू कुठं?"

"ते तुम्ही बघा," म्हणत तो निघूनही गेला.

सुंदराने बघितलं. परसात खड्डा खणायला घेतला, तर चार बोटांखाली भरावाचे दगड आणि जुनं काँक्रीट. कुदळ उडून अंगावर आली. चुलीत जाळून पाहिलं, तर अख्ख्या गल्लीने नाकाला पदर लावला. शेवटी ती घमेलं घेऊन परसात नुसतीच उभी राहिली. समोर मागच्या घराच्या परसाची भिंत होती. पुरुषभर उंच, कच्च्या विटांची, गिलावा न केलेली. पलीकडचं घर साथीत रिकामं झालं होतं. भाड्याने राहणारे लोक एका दुपारी बोचकी घेऊन स्टेशनवर गेले, ते परत आलेच नाहीत. दोन वर्षं पुढच्या दाराला कुलूप होतं.

तिने इकडे-तिकडे पाहिलं, घमेलं डोक्यावर उचललं आणि भिंतीपलीकडे उपडं केलं. मग हात धुतले आणि भाकरीला बसली. एक काम मार्गी लागलं, एवढंच तिला वाटलं.

२

तीन रविवार तिच्या काहीच लक्षात आलं नाही. चौथ्या रविवारी आलं, तेही गल्लीत लाइट गेली होती म्हणून. एरवी आजूबाजूच्या खात्यांमध्ये, म्हणजे मागांच्या शेडांत, लूमची खडखड चालू असायची, सुट्टीच्या दिवशीही कुठे ना कुठे. त्या सकाळी सगळं एकदम थांबलं. कानात पोकळी आल्यासारखी शांतता झाली. त्या शांततेत तिने घमेलं उपडं केलं आणि वळली.

वळता वळता थबकली. काहीतरी राहिलं होतं. जिना उतरताना एक पायरी चुकावी तसं.

आवाज झाला नव्हता.

ओला कोथळा, त्यात कोंबडीची पंधरा-वीस पावलं आणि मुंडकी. एवढं सगळं पुरुषभर उंचीवरून पडतं, तर फच्च होतं. बारा वर्षं गटारात टाकताना तो आवाज तिने ऐकला होता. इथे काहीच नाही. घमेल्यातून घसरल्याचा आवाज आला, आणि तिथेच संपला.

तिने मान वर करून हवेचा वास घेतला. वास नव्हता. चार रविवारांचा कोथळा, एप्रिलचं सुरती ऊन, आणि भिंतीपलीकडून काही म्हणजे काही वास नाही. भिंतीवर माशी नव्हती. वर कडुलिंबात एक कावळा बसला होता, तोही दुसरीकडे तोंड करून.

३

"कामून एवढा इचार करायलीस?" शेजारची रुक्मिणी म्हणाली. ती नांदेडकडची. नवरा श्रीरंग लूमवर, आणि ती घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. "गवत वाढलं असंल गुडघ्याएवढं. गवतात कशाचा आवाज येतोय?"

"आणि वास?"

"मांजरं खात असतील. मांजराला काय, अर्ध्या घंट्यात साफ."

हे पटण्यासारखं होतं. सुंदराला ते पटवून घ्यायचंच होतं, कारण न पटलं तर घमेल्याचा प्रश्न पुन्हा उभा राहत होता. तरीही दुपारी भांडी घासून झाल्यावर तिने परसातली एक अर्धी वीट उचलली आणि भिंतीवरून फेकली.

धप्प.

कडक जमिनीवर पडल्याचा आवाज. गवतात पडल्याचा नाही. वीट एकदा उलटली, तेही ऐकू आलं.

मग तिने डालग्याजवळ पडलेलं एक मुंडकं, सकाळी घमेल्यातून निसटलेलं, दोन बोटांत धरलं आणि त्याच जागी टाकलं. कान देऊन उभी राहिली. श्वास धरला.

पलीकडे काही पडलं नाही.

४

सुंदराचा नवरा सुकलाल पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये होता. एकोणीस वर्षं रंगाच्या वाफेत काढलेली. त्या वर्षी होळीनंतर त्याचा खोकला बसेना. दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, गोळ्या लिहून दिल्या आणि विश्रांती सांगितली. तेव्हापासून तो घरी होता. दिवसभर परसातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचा. खोकला आला की वाकायचा आणि मग कितीतरी वेळ तसाच वाकलेला राहायचा. खोकला थांबल्यावर जो शिट्टीसारखा आवाज यायचा, त्याची सुंदराला जास्त भीती वाटायची.

घरात ती दोघंच. मुलगी उज्ज्वला जवळच्या सचिन गावात दिलेली, तिच्या संसारात. सुंदराने कोंबड्या वाढवल्या. रविवारी चाराऐवजी सात कापू लागली. मिलमध्ये बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाने कधी घरातला तांब्याही उचलला नव्हता, त्यामुळे मेच्या पहिल्या रविवारी तो खाटेवरून उठून म्हणाला, "आण मनाकडे. मी टाकी इसू," तेव्हा ती बघतच राहिली.

"तुम्हीन बसा. घमेलं जड शे."

"आण."

तिने दिलं. खरं सांगायचं तर तिला रडू आल्यासारखं झालं. कुणीतरी एक काम हातातून घेतलं होतं. तिने पाठ घराच्या भिंतीला टेकवली आणि डोळे मिटले. किती वेळ मिटले कोण जाणे. उघडले तेव्हा सुकलाल परत खाटेवर होता आणि घमेलं तिच्या पायाशी होतं. स्वच्छ. रक्ताचा एक थेंब नाही, कडेच्या वळीतही नाही, जिथे नेहमी काळं धरायचं. पत्रा इतका चकचकीत तिने विकत आणला तेव्हाही नव्हता.

"धोयं का तुम्हीन?"

"हां."

तिने पिंपात डोकावलं. सकाळी भरलं तेवढंच पाणी होतं. तांब्या कोरडा होता. तिने घमेल्याला हात लावला. तेही कोरडं.

विचारावं असं तिच्या मनात आलं. पण अजून दोन कोंबड्या सोलायच्या होत्या आणि दारात छोटे डबे घेऊन लोक उभे होते.

५

पुढच्या रविवारी तो तिच्या शेजारी पाटावर येऊन बसला आणि तिचे हात पाहू लागला. सुंदराने सवयीप्रमाणे पोटात चार बोटं घातली आणि आतलं सगळं एका हिसक्यात ओढलं.

"हळू," तो म्हणाला. "फाडू नको."

"टाकायचंच शे ना?"

"आख्खं काढ. फाटेल लागत नई."

तिने मान वर केली. "कोनले लागत नई?"

सुकलाल घमेल्यावर वाकला. तो घमेल्यातली फुफ्फुसं निरखत होता. बरगड्यांत रुतलेली, निघता निघता चिंध्या झालेली. त्याच्या चेहऱ्यावर तसा काही विचित्र भाव नव्हता. मिलमध्ये तो कापडाचा रंग बघायचा तसा बघत होता. हा चालेल, हा पुन्हा लावावा लागेल, असा.

"काळीज बी ठेव यान्हामा," तो म्हणाला. "गिऱ्हाइकले नको देऊ."

लोकांनी कुरकुर केली. काळजाशिवाय कोंबडी म्हणजे काय, असं गल्लीतला लक्ष्मण, टॉकीजवरचा डोअरकीपर, तोंडावर म्हणाला. सुंदराने ऐकून घेतलं, कारण तोवर तिला दुसरं एक कळून चुकलं होतं आणि त्यापुढे गिऱ्हाइकांची कुरकुर काहीच नव्हती.

सुकलालचा खोकला कमी होत होता. आधी शिट्टी गेली. मग वाकणं गेलं. मेच्या अखेरीस तो गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन विडी न पिता परत आला. गोळ्यांचा गुण, रुक्मिणी म्हणाली. सुंदराही तेच म्हणाली. गोळ्यांची पुडी फळीवर न उघडता पडून होती, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

ती बोटं घालताना आता घाई करत नसे. नखाने एकेक बरगडी सोडवायची. फुफ्फुसं आख्खी निघायची, ओली, लहान, जोडीजोडीने. कंबर मोडून जायची. पण आख्खी निघायची.

६

छगनभाई घरमालकाचा माणूस होता; मागचं घरही त्याच मालकाचं. महिन्यातून एकदा गल्लीत चक्कर मारायचा. सुंदराने त्याला गाठलं आणि सांगितलं, मागच्या घरात उंदीर मरून पडलाय असं वाटतंय, जरा उघडून बघता का. त्या शहरात त्या वर्षांत मेलेल्या उंदराचं नाव काढलं की माणूस हातातलं काम टाकून यायचा. छगनभाईने लगेच किल्ल्यांचा जुडगा काढला.

सकाळचे दहा वाजले होते. कुलूप गंजलेलं, तेल सोडून उघडावं लागलं. आत दोन खोल्या. जमिनीवर बोटभर धूळ, तिच्यावर कुणाचं पाऊल नाही. खुंटीवर एक लहान मुलाचा शर्ट, त्याचाही रंग धुळीने गेलेला. मागच्या दाराला आतून कडी. छगनभाईने ती दगडाने ठोकून काढली.

परस पाहून तो खूश झाला.

"जुओ बेन, कशुं नथी. बधुं चोख्खुं छे."

चोख्खं होतं खरं. झाडून काढलेलं होतं. वर कडुलिंब होता, त्याची पानं सुंदराच्या परसात सकाळ-संध्याकाळ पडायची, इथे एक नव्हतं. जमीन शेणाने सारवलेली, सारवणावर बोटांच्या कमानी अजून ओल्या. कोपऱ्यात भिंतीला लागून तिची अर्धी वीट नीट उभी करून ठेवलेली.

"कोन सारवतं हे?" तिने विचारलं.

छगनभाईने खांदे उडवले. "कोई आवतुं हशे."

कोणी कसं येत असेल? पुढून कुलूप, मागून आतली कडी, तिन्ही बाजूंनी भिंती. सुंदरा भराभर विचार करत होती. भिंतीवरून उतरत असतील. मुलं असतील. एखादी वेडी बाई असेल. प्रत्येक उत्तर थोडं थोडं बसत होतं आणि शेवटी कुठेतरी उरत होतं. तिने सारवणावर पाऊल ठेवलं नाही. दारातूनच मागे फिरली.

त्या दुपारी सुकलाल जेवून झोपला होता. उताणा, हात छातीवर. सुंदरा त्याच्याशेजारी पडली. कित्येक महिन्यांत ती अशी दुपारी पडली नव्हती. त्याचा श्वास इतका हलका होता की ऐकू येईना, म्हणून तिने कान त्याच्या छातीवर ठेवला.

कोंबडी कापायच्या आधी काखेत धरावी लागते. तेव्हा पिसांतून एक धडधड हाताला लागते, बारीक, भलतीच भरभर, मोजता न येणारी. सुंदराच्या हाताला ती ओळखीची होती.

सुकलालच्या छातीत तशी धडधड होती. एक नव्हती. कितीतरी होत्या, जवळ जवळ, पण एकमेकींशी ताल नसलेल्या.

ती हलली नाही. हलली तर तो जागा होईल, आणि जागा झाला तर आपल्याला काहीतरी बोलावं लागेल, अशी तिला भीती वाटली.

७

संध्याकाळी ती म्हणाली, "आपन उज्ज्वलाकडे जाऊत. चार दिवस."

"कसाले?" सुकलाल म्हणाला. "माले आठेच बरं वाटी ऱ्हायनं."

"जागा चांगली नई ही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. थकल्या माणसाला कुणी पुन्हा उठायला सांगितलं की तो जसा पाहतो, तसं. मग भिंतीकडे वळून बसला.

सुंदराने मनाशी ठरवलं. त्या रविवारी चूल पेटवली नाही. दारात आलेल्यांना अंग दुखतंय सांगून कोंबड्या जिवंतच देऊन टाकल्या, अंड्यावरची तांबडी तेवढी ठेवली. सकाळभर सुकलाल घमेलं मांडीवर घेऊन खाटेवर बसला होता. दुपारी त्याने ते खाली ठेवलं आणि आडवा झाला.

सोमवारी शिट्टी परत आली. मंगळवारी तो उंबरा चढताना दोनदा थांबला. बुधवारी सकाळी त्याचे ओठ जांभळे झाले होते. तिने रिक्षा आणायला रुक्मिणीला पाठवलं आणि त्याला धरून बसवायला गेली, तर त्याने तिचा हात घट्ट पकडला. बोलता येत नव्हतं. छातीला कान न लावताही आतलं तिला जाणवत होतं. त्या बारीक धडधडी एकेक करून थांबत होत्या, संध्याकाळी खात्यात एकामागून एक लूम बंद होतात तशा.

रिक्षा यायला किती वेळ लागेल, दवाखान्यात किती वेळ लागेल, डॉक्टर फोटो काढतील आणि त्या फोटोत त्यांना काय दिसेल, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. मग तिने त्याची बोटं आपल्या हातावरून सोडवली आणि परसात गेली.

डालग्याखाली एकच कोंबडी होती. तांबडी, अंड्यावरची, तिची लाडकी. सुंदराने तिला काखेत धरलं. पाणी उकळायला वेळ नव्हता, पिसं काढायलाही नाही. तिने पोट चिरलं आणि नखांनी एकेक बरगडी सोडवली. इतक्या सावकाश आणि इतक्या नीट ती कुठलंच काम कधी केल्याचं तिला आठवत नव्हतं. आतून सुकलालची शिट्टी येत होती. मग शिट्टी यायची थांबली.

सगळं आख्खं निघालं.

८

तिने घमेलं दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि भिंतीच्या कडेवर टेकवलं. सकाळचं लख्ख ऊन होतं. शेजारी कुणाचा तरी रेडिओ चालू होता. ती घमेलं उपडं करणार, एवढ्यात ते तिच्या हातांत हलकं झालं.

कुणीतरी पलीकडून घेतलं.

तिने वर पाहिलं. भिंतीच्या कडेवर दोन हात होते. कोपरापासून पुढचे. काकणं नव्हती, गोंदण नव्हतं. बाईचे की पुरुषाचे ते सांगता आलं नसतं. पाण्यात राहून राहून बोटं सुजलेली, पेरांवर भेगा, नखं मुळापर्यंत घासलेली. दिवसाचं काम अजून अर्धंही झालेलं नाही, अशा माणसाचे हात. ते घमेलं घेऊन पलीकडे गेले. काही पडल्याचा आवाज झाला नाही.

सुंदरा ओरडली नाही. तिच्यात तेवढी ताकद उरली नव्हती. ती दोन्ही हात वर धरून तशीच उभी राहिली. रिकामं घमेलं परत येईल, ते घ्यावं आणि घरात जावं, एवढाच विचार तिच्या मनात होता.

घमेलं आलं नाही. एक हात आला. तो पालथा होऊन कडेवर थांबला, आणि मग उताणा झाला. अजून, असं म्हणत असल्यासारखा.

"एवढंच होतं," सुंदरा पुटपुटली. "एकच होती. रविवारी आनस. सात आनस."

हाताने ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने तिचं मनगट धरलं. पकड घट्ट नव्हती. अंगठा मनगटावर जरा थांबला, जिथे नाडी लागते तिथे. मग तो हात वर सरकू लागला, दंडाकडे, दोन बोटांनी मांस हळूच दाबत, हाड कुठे लागतं ते पाहत. बाजारात कोंबडी घेताना सुंदरा स्वतः अशीच चाचपायची. पंख उचलून, छातीचं हाड धरून, अंगात किती आहे याचा अंदाज घेत. हात काखेशी आला आणि तिथून खाली, पहिल्या बरगडीवर टेकला. मग दुसरीवर.

घरात खाट कुरकुरली. कुणीतरी उठून बसलं. खोल, मोकळा, भरभरून घेतलेला श्वास दारापर्यंत ऐकू आला, आणि त्यापाठोपाठ सुकलालचा आवाज, कित्येक महिन्यांत नव्हता इतका स्वच्छ.

"सुंदरा, च्या ठेव वं."

"ठेवस," सुंदरा म्हणाली. ती जागची हलली मात्र नाही, कारण हात तिसऱ्या बरगडीवर आला होता आणि अजून मोजत होता.